सीक्वेन्सर
सिंथेसायझरला (विजेच्या साहाय्याने ध्वनी निर्माण करणाऱ्या वाद्याला) स्वरांचा ठरावीक क्रम पुरवून तो पुन्हा पुन्हा वाजवून घेणारे साधन. ही नोंद मुख्यतः मिडी या, इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांशी जोडण्याच्या मानकापूर्वीच्या (1983) यंत्रांविषयी आहे.

पहिला सीक्वेन्सर कोणाचा, याविषयी एकमत नाही. अमेरिकन संगीतकार रेमंड स्कॉट यांनी रिले (विजेने चालणारे स्विच) जोडून केलेले यंत्र साधारणपणे 1950 च्या दशकातले मानतात. पण त्यांनी आपले काम गुप्त ठेवल्याने त्याचा इतरांवर प्रभाव बेताचाच पडला असावा. आर.सी.ए. मार्क 2 (1957) हा प्रचंड सिंथेसायझर छिद्रित कागदी पट्टीवर चाले. काही अभ्यासक त्यालाच मूळ मानतात. मात्र त्यात एक स्वर बदलायचा तरी छिद्रे नव्याने पाडावी लागत. वाजत्या क्रमात हात घालता येणे हा सीक्वेन्सरचा गाभा धरला, तर 1960 च्या दशकाच्या मध्यास डॉन बुकला यांनी सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरसाठी बनविलेल्या संचाला अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. मूग कंपनीचा 960 त्यानंतरचा; त्यात 8 टप्पे (क्रमातील एकेका स्वराच्या जागा) व घुंड्यांच्या 3 ओळी होत्या.

अशा यंत्रात प्रत्येक टप्प्याची घुंडी एक विद्युत् दाब ठरविते. सप्तकाला 1 व्होल्ट या प्रघातात अर्धस्वर म्हणजे सुमारे 83 मिलिव्होल्ट. घुंडी केसभर सरकली तरी सूर ढळतो. म्हणून घुंडीचा पल्ला लहान ठेवून कानाने सूर लावणे हीच खरी पद्धत. कॉर्ग कंपनीच्या एमएस-20 या सिंथेसायझरमध्ये दाब वारंवारतेच्या प्रमाणात वाढतो : 1, 2, 4 व्होल्ट अशी सप्तके चढतात. त्यामुळे दोन प्रघातांची यंत्रे थेट जोडली की सगळी चाल बेसूर होते.

रोलँड कंपनीच्या एमसी-8 मध्ये (1977) स्वर, टप्प्याची लांबी व नादाचा काळ हे सारे आकड्यांनी भरावे लागे. त्याच कंपनीच्या एसएच-101 मध्ये (1982) पट्ट्या एकामागून एक दाबून 100 टप्प्यांपर्यंत क्रम भरता येतो. तिच्याच टीबी-303 मध्ये आधी नुसते स्वर आणि मग वेगळ्याने त्यांचा काळ भरतात. एक विराम चुकला तरी पुढचे स्वर भलत्या मात्रेवर पडतात. त्या यंत्राच्या अनपेक्षित चालींचे एक कारण हेच असावे.

जोडलेल्या यंत्रांची लय जुळविण्यासाठी रोलँड पाव स्वराला (पाश्चात्त्य लेखनातील स्वराच्या एका कालमानाला) 24 विद्युत् स्पंद देई, कॉर्ग 48.