तहान न लागणाऱ्यांचा उन्हाळा

उष्णतेची लाट ही विदर्भाची गोष्ट, गोव्याची नव्हे, असा समज आपल्याकडे बरीच वर्षे पक्का होता. मार्च 2023 मध्ये हवामान खात्याने गोव्याला लाटेचा इशारा दिला आणि शाळा दुपारच्या आत सोडाव्या लागल्या, तेव्हा तो जरा हलला. किनारपट्टीसाठी खात्याचा निकष वेगळा आहे: कमाल तापमान 37 अंश किंवा त्याहून जास्त, आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश वर. पण वृद्धाश्रमात खाटेवर पडून असलेल्या माणसाला त्रास व्हायला लाटच यावी लागते असे नाही. मे महिन्यातली कुठलीही घामट दुपार आणि तिच्यामागची रात्र त्याला पुरते.

याचे कारण आपल्या हवेतला दमटपणा. घाम आल्याने अंग गार होत नाही, घाम वाळल्याने होते. एक लिटर घाम वाळताना शरीरातली जवळजवळ 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवेत आधीच भरपूर बाष्प असले की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जाते, उष्णता आतच राहते. 33 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता हे आपल्याकडे मे महिन्यात काही विशेष नाही. पण शरीराला तो उष्मा साधारण 43 अंशांसारखा जाणवतो. म्हणून ‘पणजीत आज फक्त 33’ हे वाक्य म्हाताऱ्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही.

वय झाले की घामाच्या ग्रंथी कमी घाम सोडतात. आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त ढकलावे लागते, आणि थकलेल्या हृदयात तेवढी ताकद उरलेली नसते. मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवायची क्षमताही घटते. हे सगळे खरेच, पण माझ्या मते सर्वांत घातक बदल वेगळा आहे: तहान मंदावते.

1984 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. 67 ते 75 वर्षांचे धडधाकट पुरुष आणि विशी-तिशीतले तरुण, दोघांनाही 24 तास पाण्यावाचून ठेवले. नंतर समोर पाणी ठेवल्यावर तरुण गटागटा प्यायले. वृद्धांच्या रक्तात पाणी कमी झाल्याच्या खुणा स्पष्ट होत्या, तरी त्यांना फारशी तहान जाणवली नाही आणि ते प्यायलेही कमी. ही निरोगी, हिंडती-फिरती माणसे होती. अर्धांग झालेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची काय अवस्था होत असेल, याचा विचार करावा.

माझी आत्या शेवटची काही वर्षे उत्तर गोव्यातल्या एका वृद्धाश्रमात होती. जागा स्वच्छ, माणसे मायाळू. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी मी तिच्या खाटेशी बसलो होतो. सकाळी भरून ठेवलेला पाण्याचा जग तसाच काठोकाठ भरलेला होता. तो होता खिडकीजवळच्या स्टुलावर, आणि आत्याचा उजवा हात उचलत नव्हता.

‘आत्ये, पाणी देऊ?’

‘नको रे, तहान नाही.’

बोलताना तिची जीभ टाळ्याला चिकटत होती, शब्द अर्धवट राहत होते. मी तिथल्या सेविका मावशींना विचारले, तर त्या म्हणाल्या, ‘आम्ही विचारतो हो, त्याच नको म्हणतात.’ मावशी अगदी खरे सांगत होत्या. मग मी चमच्याने पाणी पाजायला लागलो, तर आत्याने पेलाभर पाणी सावकाश संपवले.

हेळसांड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मारहाण, घाण, उपासमार येते. उन्हाळ्यातली हेळसांड बहुतेक वेळा अशी दिसतच नाही. जग भरलेला असतो, विचारलेले असते, नकारही मिळालेला असतो. पण ज्याची तहानच बिघडली आहे त्याच्या ‘नको’वर विसंबून पुढच्या खाटेकडे जाणे, हीच हेळसांड. शरीरशास्त्र हे इतके स्पष्ट सांगते की त्यावर वाद घालायला जागा नाही. वृद्धाश्रमात पाणी औषधासारखे, ठरल्या वेळी, हातात पेला देऊन आणि तो संपेपर्यंत थांबून द्यायला हवे.

त्या ‘नको’मागे आणखी एक कारण असते, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. पाणी प्यायले की उठावे लागते, उठायचे तर कुणाला तरी हाक मारावी लागते. रात्री दोन वाजता हाक मारायचा संकोच वाटतो म्हणून कितीतरी वृद्ध दुपारपासूनच पाणी कमी करतात. रात्रपाळीला दोनच मावशी आणि तीस खाटा असतील तर डायपर कमी बदलावे लागावेत म्हणून संध्याकाळचे पाणी आपोआप आखडते. दोष एकट्या मावशींचा नाही, पण परिणाम रुग्णाला भोगावा लागतो.

पाणी किती, तर वृद्धांच्या आहाराविषयीच्या युरोपीय मार्गदर्शक सूचना रोज स्त्रियांना किमान 1.6 आणि पुरुषांना 2 लिटर पेये सुचवतात; उकाड्यात त्याहून जास्त. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्र मर्यादा डॉक्टरांनीच घालून द्यावी. सगळे पाणीच असायला हवे असे नाही. मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज, ताक, तिवळ म्हणजे कोकमाचे सार, पातळ तिजाण म्हणजे नाचणीची पेज, सगळे मोजदादीत धरावे. अर्धांगानंतर पातळ पाण्याने ठसका लागणाऱ्याला दाट पेज सोपी जाते. शहाळे चांगलेच, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते, तेव्हा मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते सर्रास देऊ नये.

औषधांकडे तर फारच कमी लक्ष जाते. रक्तदाबासाठी किंवा पायाची सूज उतरावी म्हणून दिलेली लघवीची गोळी शरीरातले पाणी काढत राहते, मग बाहेर उकाडा असो वा नसो. काही मानसिक आजारांवरची, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली आणि ॲलर्जीची काही जुनी औषधे घामच कमी करतात. अंगातले पाणी घटले की लिथियम हे मानसिक आजारावरचे औषध घेणाऱ्याच्या रक्तात ते औषध धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. म्हणून फेब्रुवारी संपायच्या आत प्रत्येकाची औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवायला हवी. आपल्या मनाने गोळी बंद करणे मात्र तितकेच धोक्याचे.

पंख्याबाबत आपल्या हवेला एक दिलासा आहे. 2021 मधल्या एका अभ्यासात पंखा कुठवर उपयोगी पडतो याचे गणित मांडले होते: 65 च्या पुढच्या माणसासाठी साधारण 38 अंशांपर्यंत, आणि घाम कमी करणारी औषधे घेणाऱ्यासाठी 37 पर्यंत. गोव्यातल्या खोल्या सहसा याच्या खालीच असतात. शिवाय वृद्धाला जो घाम येत नाही तो बाहेरून देता येतो. हात, पाय, मान ओल्या फडक्याने पुसत राहायचे आणि वर पंखा चालू ठेवायचा. वाळायला पाणी मिळाले की त्वचेला ते घामाचे आहे की फडक्याचे याने फरक पडत नाही. हा उपाय जवळजवळ फुकटचा आहे, फक्त त्याला दोन हात लागतात.

रात्रीचे काय? उंच छपराची, मंगळुरी कौलांची जुनी घरे सूर्य मावळला की लवकर निवतात. सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ती खाली सोडत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार खोली दिवसा 32 आणि रात्री 24 अंशांच्या खाली असावी. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरची हवाच रात्री 26 च्या आसपास असते. ताण असा रोज थोडा साठत जातो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस कोसळतो. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी असे लिहिले जाते, आणि उकाड्याचे नाव कुठेच येत नाही.

फ्रान्समध्ये ऑगस्ट 2003 च्या लाटेत जवळजवळ 15,000 माणसे नेहमीपेक्षा जास्त दगावली, बहुतांश वृद्ध. त्यानंतर तिथल्या वृद्धाश्रमांना निदान एक गार खोली ठेवणे बंधनकारक झाले, जिथे प्रत्येकाला रोज काही तास बसवता येईल. सगळ्या इमारतीला एसी परवडत नाही त्या आपल्या संस्थांना हे जमण्यासारखे आहे. फ्लोरिडात 2017 साली इर्मा चक्रीवादळानंतर एका वृद्धाश्रमाचा एसी बंद पडला आणि 12 जणांचा जीव गेला. समोर रस्त्यापलीकडे रुग्णालय होते. तिथल्या सरकारने मग जनरेटरची सक्ती केली. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीसाठी वीज ऐन उकाड्यातच जाते, तेव्हा पंखे चालवण्यापुरता इन्व्हर्टर तरी आहे का हे पाहायलाच हवे.

2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या साठीपुढच्यांचे प्रमाण 11.2 टक्के होते, केरळच्या खालोखाल देशात सर्वाधिक. मुले आखातात, इंग्लंडला किंवा बोटीवर असतात. भेट होते ती व्हिडिओ कॉलवर. कॉलवर तब्येत विचारण्याबरोबर आणखीही पाहता येते. बोलणे अडखळते का, ओठ-जीभ कोरडी आहे का, कालपर्यंत ओळखणारी आई आज गोंधळली आहे का, दिवसा फार झोपते का. हाताची कातडी चिमटीत धरून पाहण्यावर भरवसा ठेवू नये, म्हातारपणी ती एरवीही सैलच असते. त्यापेक्षा वजन बोलते: दोन-तीन दिवसांत किलोभर उतरले तर ते जवळजवळ लिटरभर पाणीच. अंग तापलेले आणि शुद्ध हरपत चाललेली असेल तर पॅरासिटामॉल देत बसू नये, त्याने ही उष्णता उतरत नाही. 108 ला फोन करावा, आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगभर पाणी, पंखा, काखेत व मानेला बर्फ. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नये.

व्यवस्थापकांना विचारायला संकोच करू नये: खोलीत तापमान आणि आर्द्रता दाखवणारे यंत्र आहे का, कोण किती प्यायले याची नोंद रोज होते का, ती पाहायला मिळेल का, रात्री किती माणसे कामावर असतात. काही शे रुपयांचे यंत्र नातेवाइकांनीही नेऊन द्यावे. आणि उत्तरे टाळली जात असतील तर ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे. तिथे तक्रार करायला माणूस दगावायची वाट पाहू नये.