ब्रायन ऑर्सर की ब्रायन बॉइटानो?

१९८८च्या कॅलगरी ऑलिंपिकमधली पुरुषांच्या फिगर स्केटिंगची अंतिम फेरी पहिल्यांदा बघणाऱ्याचा घोळ ठरलेला. बर्फावर लष्करी थाटाच्या पोशाखातला एक ब्रायन येतो. तो आपला कार्यक्रम संपवून जातो, आणि थोड्या वेळाने पुन्हा लष्करी थाट, पुन्हा ब्रायन! दोघेही आपापल्या देशाचे राष्ट्रीय विजेते, दोघांच्याही नावावर एकेक विश्वविजेतेपद. निळ्या पोशाखातला अमेरिकेचा ब्रायन बॉइटानो, लाल डगल्यातला कॅनडाचा ब्रायन ऑर्सर. सुवर्ण बॉइटानोला, रौप्य ऑर्सरला. बहुतेकांची माहिती इथेच थांबते आणि काही वर्षांनी तीही उलटसुलट होते. दोघांना कायमचं वेगळं ओळखायचं असेल तर नाव-गाव सोडा, त्यांच्या उड्या बघा.

ऑर्सरची उडी अ‍ॅक्सल. बाकी सगळ्या उड्या मागे सरकत मारतात. अ‍ॅक्सलला मात्र स्केटर समोर तोंड करून झेपावतो आणि उतरतो मागे सरकत, त्यामुळे गिरकी अर्ध्याने वाढते. म्हणजे ट्रिपल अ‍ॅक्सलला हवेत साडेतीन गिरक्या. स्पर्धेत ती पहिल्यांदा मारली तीही एका कॅनेडियनने, १९७८ साली व्हर्न टेलरने. पण तिला रोजच्या वापरातलं हत्यार बनवलं ऑर्सरने. १९८४ला साराएव्होत ऑलिंपिकमधला पहिला ट्रिपल अ‍ॅक्सल त्याचाच, आणि ‘मिस्टर ट्रिपल अ‍ॅक्सल’ हे नावही त्याला चिकटलेलं.

बॉइटानोची उडी लुट्झ. मागे सरकत, डाव्या पात्याच्या बाहेरच्या कडेवर तोल टाकून स्केटर लांबलचक वळण घेत येतो, उजव्या बुटाचं टोक बर्फात रोवतो आणि चाललेल्या वळणाच्या नेमकी उलट गिरकी घेतो. शरीर एकीकडे ओढलं जात असताना दुसरीकडे वळायचं, हीच तिची खरी अडचण. हवेत हात छातीशी घट्ट आवळले तरच वेग मिळतो. बॉइटानो मात्र एक हात सरळ डोक्यावर उंच करायचा, आणि तरीही तीन गिरक्या पुऱ्या करून शांतपणे उतरायचा. या लुट्झला ‘टानो’ म्हणतात. वर गेलेला हात दिसला की दुसरं काही बघायची गरज नाही.

दोघांची घडण एका बाबतीत सारखीच. ऑर्सर ऑंटारिओतला, डग ली यांच्या हाताखाली तयार झालेला. बॉइटानो कॅलिफोर्नियातल्या सनीवेलचा, लिंडा लीव्हर यांचा शिष्य. दोघांनीही स्पर्धेची उमेदीची वर्षं एकाच गुरूकडे काढली. फरक आहे तो स्वभावात. ऑर्सर प्रेक्षकांना हसतखेळत आपलंसं करणारा. बॉइटानो कसलेला तंत्रज्ञ, पण बराच काळ थोडा कोरडा. १९८७ला सिनसिनाटीत, बॉइटानोच्याच देशात, ऑर्सरने त्याच्याकडून विश्वविजेतेपद हिसकावलं. त्यानंतर बॉइटानो नृत्यरचनेसाठी सँड्रा बेझिक यांच्याकडे गेला. त्या टोरंटोच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या देशातल्या! ‘नेपोलियन’ या मूकपटाच्या संगीतावर त्यांनी त्याला सैनिक म्हणून उभं केलं आणि त्याचा कोरडेपणा पार गेला. माझ्या मते कॅलगरीचा निकाल तिथेच फिरला.

तो निकाल समजून घ्यायचा तर तेव्हाची गुणपद्धत माहीत हवी. तेव्हा स्पर्धेचे तीन भाग असत, आणि पहिला होता सक्तीच्या आकृत्यांचा: बर्फावर पात्याने वर्तुळं कोरायची आणि पंचांनी वाकून त्या रेघा तपासायच्या. त्याला ३० टक्के वजन होतं, ठरवून दिलेल्या उड्या-गिरक्यांच्या छोट्या कार्यक्रमाला २० आणि स्वतःच्या रचनेच्या लांब, मुक्त कार्यक्रमाला ५०. ऑर्सरचा घात आधी याच आकृत्यांनी केला होता. १९८४ला छोटा आणि मुक्त, दोन्ही कार्यक्रम जिंकूनही आकृत्यांत सातवा आल्यामुळे त्याचं सुवर्ण अमेरिकेच्या स्कॉट हॅमिल्टनकडे गेलं. कॅलगरीत आकृत्यांत बॉइटानो दुसरा, ऑर्सर तिसरा. छोट्या कार्यक्रमात ऑर्सर पहिला, बॉइटानो दुसरा. म्हणजे मुक्त कार्यक्रम जिंकेल त्याचंच सुवर्ण.

बॉइटानो आधी उतरला. आठ ट्रिपल उड्या, त्यात दोन अ‍ॅक्सल, आणि सगळं स्वच्छ. ऑर्सरच्या खांद्यावर यजमान देशाचं ओझं होतं. उद्घाटनाला कॅनडाचा ध्वज त्यानेच धरला होता. त्याची एका उडीत छोटी चूक झाली आणि ठरलेला दुसरा ट्रिपल अ‍ॅक्सल त्याने डबलवर आणला. नऊ पंचांपैकी चौघांनी ऑर्सरला वर ठेवलं, तिघांनी बॉइटानोला, दोघांचे गुण समसमान. बरोबरी झाली की तांत्रिक गुण बघायचे असा नियम होता, आणि त्या दोघांचेही तांत्रिक गुण बॉइटानोला जास्त. ५-४. ज्या उडीने ऑर्सरचं नाव झालं, ती त्या रात्री बॉइटानोने एकदा जास्त मारली. निकाल योग्यच होता असं मला वाटतं, तरी ऑर्सरसाठी आजही जीव तुटतो.

गंमत म्हणजे दोनच वर्षांनी दोघं एकत्र दिसले. ‘कार्मेन ऑन आइस’ या बर्फावरच्या नृत्यचित्रपटात पूर्व जर्मनीची स्केटर कातरिना विट कार्मेन, बॉइटानो डॉन होझे आणि ऑर्सर एस्कामिलो. तिघांनाही एमी हा अमेरिकी टीव्ही पुरस्कार मिळाला, आणि नावांचा गोंधळ आणखी वाढला.

पुढे वाटा पार वेगळ्या झाल्या. बॉइटानो व्यावसायिक खेळाडू म्हणून गाजला. व्यावसायिकांना ऑलिंपिकमध्ये परतू देणारा नियम आल्यावर १९९४च्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये परतला आणि सहावा आला. नंतर टीव्हीवर त्याने स्वयंपाकाचा कार्यक्रमही केला. ऑर्सर टोरंटो क्रिकेट, स्केटिंग अँड कर्लिंग क्लबमध्ये प्रशिक्षक झाला. २०१०ला त्याची शिष्या किम यूना हिने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, २०१४ आणि २०१८ला युझुरू हन्यूने. हन्यूचा तगडा प्रतिस्पर्धी, स्पेनचा हावियेर फर्नांडेझ, हाही ऑर्सरचाच शिष्य. २०१५ आणि २०१६च्या जागतिक स्पर्धेत फर्नांडेझ पहिला आणि हन्यू दुसरा आला. म्हणून अलीकडच्या स्पर्धांमध्ये गुणांची वाट बघणाऱ्या खेळाडूशेजारी ब्रायन नावाचा प्रशिक्षक बसलेला दिसला, तर तो ऑर्सर.