छिन्नीची रेघ आणि आम्लाची रेघ

सतराव्या शतकातलं छापील व्यक्तिचित्र दिसलं की आपण सरसकट ‘एनग्रेव्हिंग’ म्हणून मोकळे होतो. त्यातली कित्येक असतात एचिंग. तांब्याचा पत्रा, खाचेत भरलेली शाई, ओलसर कागद, दाबयंत्र, सगळं दोन्हींत सारखंच. फरक आहे तो खाच पडते कशी यात.

एनग्रेव्हिंगमध्ये ब्यूरिन नावाची तिरक्या टोकाची पोलादी छिन्नी तळहाताने रेटत नेतात, नांगराच्या फाळासारखी. वळण घेताना हातापेक्षा चामड्याच्या उशीवरचा पत्राच फिरवतात. दाब वाढला की रेघ फुगते, कमी झाला की निमुळती होते. हात बसायला वर्षं लागतात. फ्रेंच एनग्रेव्हर क्लोद मेलाँने 1649 मध्ये ख्रिस्ताचा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून निघालेल्या एकाच चक्राकार रेघेत कोरला. मला त्यात भक्तीपेक्षा कसबाचा तोराच जास्त दिसतो!

एचिंगमध्ये पत्र्यावर मेणाचा लेप देऊन त्यावर सुईने चित्र काढतात आणि उघडं पडलेलं तांबं आम्ल खातं. रेघ हस्ताक्षरासारखी मोकळी, पण टोकाला बोथट. भिंगातून आधी टोकंच पाहावीत.

मान मात्र छिन्नीला. 1645 मध्ये आब्राम बॉस या फ्रेंच एचिंगकाराने पॅरिसमध्ये छापलेल्या पुस्तकात एचिंगची रेघ ब्यूरिनसारखी कशी दिसेल, हेच शिकवलं होतं. 1660 मध्ये चौदाव्या लुईने फर्मान काढून एनग्रेव्हरांना कारागीर संघांच्या बंधनातून मोकळं केलं. एनग्रेव्हर रोबेर नाँतय राजाला समोर बसवून त्याचं चित्र रेखाटायचा आणि मग ते कोरायचा. त्या चित्रांत लंबगोल चौकट आणि खाली नाव-किताब असा थाट असतो.

फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइकच्या ‘आयकॉनोग्राफी’ या छापील व्यक्तिचित्रांच्या मालेत ही उतरंड उघड दिसते. राजे-सेनापतींची चित्रं कोरायला पाँटियस, व्होर्स्टरमान यांच्यासारख्या व्यावसायिक एनग्रेव्हरांकडे गेली. व्हॅन डाइकने स्वतः एचिंग केलेल्या मोजक्या पत्र्यांवर बहुतेक चित्रकार मित्रच आहेत. त्याने स्वतःचं नुसतं डोकं एचिंगने काढलं आणि बाकी पत्रा कोराच सोडला. तो 1641 मध्ये वारला. पुढे एनग्रेव्हर याकोब नेफ्सने त्याच पत्र्यावर ब्यूरिनने काम करून डोक्याचा अर्धपुतळा केला, खाली चौथरा दिला आणि 1645 च्या आवृत्तीचं ते मुखपृष्ठ झालं. छिन्नी आणि आम्ल एकाच पत्र्यावर पाहायचं तर याहून सोयीचं उदाहरण मला माहीत नाही. केसांची भुरभुर आम्लाची, चौथऱ्याची शिस्त छिन्नीची.