कांदा निर्यात करायचीय? कोण करू शकतं आणि कोणते कागद लागतात

कांद्याची निर्यात फक्त मोठ्या व्यापाऱ्यांनीच करायची, असं अजूनही बरेच शेतकरी धरून चालतात. तसं काही नाही. पॅन आणि बँक खातं असलेला एकटा शेतकरी, भागीदारी फर्म किंवा शेतकरी उत्पादक कंपनी, कोणीही निर्यातदार म्हणून नोंदणी करू शकतं.

खरी अडचण धोरणाची. भाव आटोक्यात राहावेत म्हणून केंद्र सरकार नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत कांदा खरेदी करून साठा करतं, आणि भाव चढले की निर्यातीला लगाम घालतं. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून स्वस्तात माल बाहेर पाठवता येत नाही) आलं आणि 8 डिसेंबरपासून थेट बंदी. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात अट गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. तेही 1 एप्रिल 2025 ला हटलं. दार उघडलं त्या दिवशी ज्याचे कागद तयार, त्याचाच माल आधी निघतो. म्हणून गिऱ्हाईक शोधण्याआधी नोंदण्या उरकून घ्या.

सुरुवात आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड नंबरपासून. डीजीएफटी, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज, फी 500 रुपये. पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक आणि आधार किंवा डिजिटल सही एवढंच लागतं. इथे नाव नीट बघा. पॅनवर ‘फार्मर प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ आणि बँकेत ‘एफपीसी लि.’ असेल, तर अर्ज अडकतो. आधी बँकेतलं नाव दुरुस्त करून घ्या. दरवर्षी एप्रिल ते जूनदरम्यान, काही बदल नसला तरी, आयईसी अद्ययावत करावा लागतो. विसरलात तर तो निष्क्रिय होतो आणि शिपिंग बिलच, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सकडे द्यायचा अर्जच, भरता येत नाही.

त्यानंतर अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीसाठीच्या केंद्राच्या संस्थेची नोंदणी; तिचं प्रमाणपत्र म्हणजे आरसीएमसी. फी 5,000 रुपये अधिक जीएसटी. सोबत एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेचा परवाना काढा. बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या बँक शाखेच्या क्रमांकाचं) पत्र घेऊन, ज्या बंदरातून माल जाणार तिथल्या कस्टम्सकडे (आपल्याकडे बहुतेक वेळा न्हावाशेवा) तो नोंदवा. हे काम सीएचए, म्हणजे कस्टम्स एजंट करून देतो.

प्रत्येक खेपेला इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, जहाज कंपनीचं बिल ऑफ लेडिंग (माल घेतल्याची पावती), आयातदार देश मागेल तर मूळ देशाचा दाखला, आणि फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला. या शेवटच्या कागदाकडे जास्त लक्ष द्या. त्यासाठी मालाची तपासणी होते. चिकटलेली माती, मोड, सालीखालची काळी बुरशी, कीड यांपैकी काही दिसलं तर प्रमाणपत्र अडतं. जाळीच्या गोण्या भरण्याआधी कांदा पुन्हा निवडून घ्यायचा कंटाळा करू नका. न्हावाशेव्याहून परत आणलेला माल बाजार समितीत जो भाव मिळेल त्याला द्यावा लागतो. बांगलादेशासारख्या ठिकाणी आयातदाराला त्यांच्या सरकारचा आयात परवाना लागतो. त्याची प्रत हातात आल्याशिवाय गाडी भरू नका.

तारखांचं गणित फार थोडे जण समजून घेतात. निर्यात शुल्क शिपिंग बिल भरल्याच्या दिवसाचं लागत नाही. कस्टम्स अधिकारी माल चढवायची परवानगी देतो, त्या दिवशी जो दर असेल तो लागतो. अधेमधे शुल्क वाढलं तर बोजा तुमच्यावर. बंदीचं वेगळं असतं. डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेत, आधीच जहाजावर चढायला लागलेला किंवा कस्टम्सच्या ताब्यात जाऊन त्यांच्या प्रणालीत नोंदलेला माल ठरावीक मुदतीपर्यंत बाहेर जाऊ दिला होता. वाटेत अडकलेल्या कंटेनरला ती सवलत नव्हती. अशी सूट प्रत्येक अधिसूचनेत वेगळी असते. ती सीएचएकडून ऐकू नका, स्वतः वाचा.

सौद्याच्या करारातच लिहून घ्या: नंतर लागलेलं शुल्क कोण भरणार, बंदी आली तर आगाऊ रकमेचं काय. पैसे येण्याची खात्री नसेल तर ईसीजीसी या सरकारी निर्यात विमा कंपनीचा विमा माल निघण्याआधीच काढा.