शीवचा किल्ला (सायन फोर्ट)

मुंबईत शीव पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर शंकूसारखी एक छोटी टेकडी आहे, तिच्या माथ्यावरचा हा इंग्रजांच्या काळातला किल्ला. पायथ्याशी नेहरू उद्यान, आणि बागेतूनच वर जायच्या पायऱ्या. किल्ला म्हटल्यावर ज्यांच्या डोक्यात राजगड-रायगड येतो त्यांची इथे निराशा होणार, कारण ही मुळात सरहद्दीवरची टेहळणीची चौकी, काळ्या दगडाच्या भिंती, छप्पर गेलेल्या एकदोन खोल्या आणि थोडी मोकळी जागा, बस एवढंच. तरी बोलताना सगळे किल्लाच म्हणतात, त्यामुळे नोंदही त्याच नावाने केलीय.

नावावरून वाद जुना आहे. एक मत असं की जेझुइट पाद्र्यांनी जेरुसलेमच्या झायन टेकडीवरून इथल्या प्रार्थनास्थळाला नाव दिलं आणि त्याचं सायन झालं. दुसरं मत म्हणजे मूळ शब्द मराठी शीव, गावाची वेस, हद्द. इंग्रजी स्पेलिंग बघितलं की पहिलं मत एकदम पटतं, पण फक्त स्पेलिंगवर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्नच आहे. भाषेच्या बाजूने पाहिलं तर संस्कृत सीमा वरून शीव हा रस्ता अगदी सरळ आहे, ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं तसा म चा व होतो, आणि इ-ई च्या आधीच्या स चा मराठीत श होतो हे शिवणे या क्रियापदातही दिसतं (सीव्यति वरून). राहता राहिला शेवटचा न. जुन्या मराठीत हा शब्द शींव असा अनुनासिक लिहिलेलाही सापडतो, तेव्हा परक्या कानाला शेवटी न ऐकू आला असेल तर त्यात नवल नाही. परळला जेझुइटांची मालमत्ता होती हे खरं, पण तेवढ्यावरून आख्ख्या गावाचं नाव त्यांच्या पदरात टाकणं जरा ओढून ताणून वाटतं. म्हणून इथे शीव हीच व्युत्पत्ती बरी मानलीय. आता शीव म्हणजे हद्द, पण कोणाची, यात हमखास एक घोळ होतो. बऱ्याच ठिकाणी सांगतात की इंग्रजांची मुंबई आणि पोर्तुगीजांची साष्टी (खाडीपलीकडचं बेट) यांच्यामधली हद्द म्हणून शीव. पण १५३४ पासून मुंबई आणि साष्टी दोन्ही पोर्तुगीजांकडेच होत्या आणि मुंबई इंग्रजांच्या ताब्यात प्रत्यक्ष आली ती १६६५ मध्ये, म्हणजे ती राजकीय हद्द नावापेक्षा नवी असायची शक्यता जास्त. जुनी हद्द बहुधा खाडीचीच, इकडे परळचं बेट आणि तिकडे साष्टी. आणि हो, शीव हा शब्द दीर्घ आहे, शंकराशी त्याचा संबंध नाही, हे मुद्दाम सांगावं लागतं कारण लोक सर्रास ऱ्हस्व लिहितात.

बांधकामाचं साल बहुतेक ठिकाणी १६६९ ते १६७७ असं दिलेलं असतं. एवढ्याशा चौकीला आठ वर्षं कशी लागली असं वाटेल, पण गंमत अशी की गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरची कारकीर्दही बरोब्बर हीच, १६६९ ला सुरू आणि १६७७ मध्ये सुरतेला त्याच्या मृत्यूने संपलेली. तेव्हा हे आकडे बांधकामाचे नसून 'ऑन्जियरच्या काळात' याचंच भाषांतर असावं असं वाटतं. त्यामुळे इथे नेमकं साल न देता १६७० चं दशक एवढंच धरलेलं बरं. ईस्ट इंडिया कंपनीला मुंबई इंग्लंडच्या राजाकडून वर्षाला दहा पौंड भाड्याने मिळाली ती १६६८ मध्ये, म्हणजे नवा भाडेकरू आला आणि लगेच कुंपण घालायला लागला असा हा प्रकार.

कुंपण का, ते माथ्यावर उभं राहिलं की कळतं. तेव्हा पलीकडे खाडी, खाजणं, मिठागरं आणि त्यापलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. सगळ्यात जवळची ओलांडायची जागा हीच, म्हणून नजरही इथेच. पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, साष्टी त्यांच्याकडे आली, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि टेकडीवरच्या पहारेकऱ्याच्या समोर पोर्तुगीजांऐवजी मराठे आले. इंग्रज किती धसकले होते हे बघायचं तर जवळच धारावीत जावं, तिथल्या काळ्या किल्ल्याच्या (रिवा फोर्ट) दगडावर गव्हर्नर जॉन हॉर्नचं नाव आणि १७३७ हेच साल कोरलेलं आहे. शहराच्या कोटाभोवती खंदक खणायला व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली तीही याच भीतीपोटी. मग डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं आणि साष्टी घेतली, १७८२ च्या मराठ्यांबरोबरच्या सालबाईच्या तहात ते पक्कं झालं, आणि दोन्ही काठ एकाच मालकाचे झाले म्हटल्यावर शीवेला शीव म्हणून काही अर्थच उरला नाही. पुढे गव्हर्नर जोनाथन डंकनच्या कारकिर्दीत १७९८ ते १८०५ या काळात शीव-कुर्ला बांध घातला गेला आणि ज्या खाडीवर पहारा होता तीच लोक पायी ओलांडायला लागले. १८५३ ला ठाण्याची पहिली रेल्वे गेली तीही शीववरूनच.

माहीम, शिवडी, वरळी आणि धारावी हे याच माळेतले मणी. वरळीचा किल्ला पोर्तुगीजांचा म्हणून खूप वर्षं सांगितला जायचा, आता तो इंग्रजांचाच, साधारण १६७५ चा मानतात, म्हणजे शीवचा समवयस्क. १८६० च्या दशकात खुद्द फोर्टचा तट पाडला गेला पण हे छोटे किल्ले राहिले, आणि शीवच्या बाबतीत तरी याचं कारण इतिहासप्रेम वगैरे नसून टेकडीच्या टोकावरची ती जागा कोणाला नकोच होती हे असावं.

संरक्षणाबद्दल '१९२५ मध्ये ग्रेड वन हेरिटेज जाहीर' असं एक वाक्य सगळीकडे कॉपी होत फिरतं. त्यात दोन गोष्टींची सरमिसळ दिसते. मुंबईत ग्रेड पद्धत आली ती १९९५ च्या हेरिटेज नियमावलीने, तेव्हा १९२५ चं संरक्षण असेल तर ते १९०४ च्या प्राचीन स्मारक कायद्याखालचं असणार. शहरातले बाकीचे बरेच किल्ले राज्य पुरातत्त्व विभागाकडे आहेत, हा मात्र केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, आणि त्यांचं मुंबई मंडळाचं ऑफिसही याच टेकडीच्या पायथ्याशी. एवढ्या जवळ ऑफिस असूनही वरच्या भिंतींची पडझड व्हायची ती झालीच, २००९ च्या सुमारास दुरुस्ती सुरू झाली होती पण पैशांअभावी मध्येच थांबली.

आजच्या वापराचं बोलायचं तर शीवच्या किल्ल्याची तुलना लोक वांद्र्याशी करतात, ती तितकीशी बरोबर नाही. वांद्र्याचा किल्ला (कास्तेला द आग्वादा, १६४०) पोर्तुगीजांचा, समुद्राच्या तोंडावर, डागडुजी झाल्यावर तिथे ॲम्फिथिएटर आलं, गाण्यांचे कार्यक्रम, फेस्टिव्हल सगळं होतं. वरळीच्या किल्ल्यात कोळीवाड्यातल्या पोरांची व्यायामशाळा आहे, मारुतीचं देऊळ आहे, म्हणजे तो वस्तीने आपलासा केलाय. शीवला यातलं काहीच नाही. मोठ्या कार्यक्रमाला लागणारी सपाट जागा वर नाही, सामान पायऱ्यांवरून चढवणार कोण, आणि गाण्याची मैफल ऐकायची तर किंग्ज सर्कलला षण्मुखानंद सभागृह आहेच. त्यामुळे इथला सांस्कृतिक वापर म्हणजे शाळेची सहल, हेरिटेज वॉकवाल्यांचा रविवारचा ग्रुप, सकाळी गुडघे सांभाळत चढणारे आजी-आजोबा, परीक्षेच्या दिवसांत पुस्तक घेऊन बसलेली पोरं, आणि अर्थातच जोडपी. जोडप्यांवर नाकं मुरडणारे खूप आहेत, पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहणाऱ्या शहरात बोलायला जागा कुठे आहे हेही बघायला हवं. भिंतींवर नावं कोरतात ते मात्र वाईटच, बदाम, बाण, दोन आद्याक्षरं, आणि खाली कुठल्यातरी वर्षाचा आकडा. पुढच्या काळातल्या संशोधकाला त्यावरून तारीख लावणं ऑन्जियरच्या भिंतीपेक्षा सोपं जाईल.

वरून पूर्वेकडे चुनाभट्टी, लांब तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) टेकडी, पश्चिमेला धारावीचे पत्रे आणि त्यामागे बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) काचा. खाडी कुठे होती ते आता बोट दाखवून सांगावं लागतं. पावसाळ्यात टेकडी हिरवीगार होते पण पायऱ्या निसरड्या होतात, जायचं तर गणपतीनंतर जावं, चपला चांगल्या घालाव्यात, पाणी खालूनच घेऊन चढावं.