रेट्रो गेम कन्सोल : दुरुस्ती व फेरबदल

साधारणपणे १९७० च्या दशकापासून २००० च्या आसपासपर्यंत विक्रीस आलेल्या व्हिडिओ गेम यंत्रांना आज ‘रेट्रो कन्सोल’ म्हणतात. ही सीमारेषा सैल आहे व दरवर्षी थोडी पुढे सरकते. अशी यंत्रे चालू ठेवणे म्हणजे दुरुस्ती आणि मूळ रचनेत नसलेली सोय त्यांत बसवणे म्हणजे फेरबदल, प्रचलित शब्दांत ‘मॉडिंग’. व्यवहारात दोहोंची सरमिसळ होते : गळके कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे घटक) बदलायला उघडलेल्या सेगाच्या गेम गिअर या हातात धरून खेळायच्या यंत्रामध्ये पुष्कळदा त्याच बैठकीत नवा एलसीडी पडदाही चढतो. प्रस्तुत नोंदीत नवशिक्याच्या आवाक्यातील कामांचाच विचार केला आहे.

या छंदाचा उगम कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. काही जण तो हौशी रेडिओ व घरगुती संगणकजोडणीच्या परंपरेत शोधतात. काही जण प्लेस्टेशनसाठी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात निघालेल्या मॉडचिपपासून (परप्रांतीय किंवा नकली डिस्क चालाव्यात म्हणून यंत्रात बसवायची चिप) मोजतात. त्याआधीच्या प्रादेशिक अडसरांपासून सुरुवात धरणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिकी सुपर निन्टेंडोच्या (१९९१) खाचेत जपानी कॅसेट बसू नये म्हणून प्लॅस्टिकच्या दोन खुंट्या ठेवलेल्या होत्या. त्या पकडीने मोडणे हा सोल्डरिंग आयर्न (सोल्डर वितळवून सांधे जोडण्याचे तापते अवजार) हाती न धरता होणारा फेरबदल अनेकांचा पहिला ठरला.

अमेरिकेत १९८५ मध्ये आलेल्या एनईएसमधील (निन्टेंडोचे आधीचे कन्सोल) अडसर मात्र विद्युतीय होता. यंत्रात एक व कॅसेटमध्ये एक अशा दोन चिपांचा संवाद सतत चालू असतो. तो तुटला की यंत्र सेकंदाला सुमारे एकदा रिसेट होते आणि समोरचा लाल दिवा लुकलुकतो. नवशिक्याला यंत्रच बिघडले असे वाटते. बहुतेक वेळा दोष ७२ पिनांच्या कनेक्टरच्या सैल किंवा मळकट संपर्कात असतो. यंत्रातील चिपची चौथी पिन पॅडवरून (बोर्डावरील तांब्याच्या ठिपक्यावरून) सोडवून ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या जोडणीला) जोडली की रिसेट थांबतो. पिन कापण्याचीही पद्धत आहे. पण नुसती उचललेली पिन पुन्हा जागेवर बसवता येते, म्हणून तीच पत्करावी. याने संपर्क सुधारत नाही. दिवा स्थिर होतो, पण चित्र विस्कटलेलेच राहू शकते.

संपर्काच्या दोषावर घरोघरी एकच उपाय होता : कॅसेट काढायची, खालच्या बाजूने जोरात फुंकर मारायची, पुन्हा दाबायची. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात ‘टीव्ही गेम’ म्हणून विकल्या गेलेल्या फॅमिकॉमच्या (एनईएसची मूळ जपानी आवृत्ती) नकलांवर वाढलेल्या पिढीलाही हा विधी पाठ आहे. फुंकरीने काम होते असा समज पक्का असला, तरी कॅसेट काढून पुन्हा बसवताना पिना नव्याने टेकतात, गुण त्याचा असावा. श्वासातील ओलसरपणा तांब्यावर गंज आणतो आणि खुद्द निन्टेंडोनेही फुंकरीविरुद्ध सूचना दिलेली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा संपर्कपट्टीवर फिरवला की तो काळाकुट्ट होऊन येतो. बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसावे. पुष्कळ ‘बंद’ यंत्रे एवढ्यावर चालू होतात.

अॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (धारित्र) का गळतात, हा या क्षेत्रातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न होय. गेम गिअर (१९९०) हे त्याचे ठळक उदाहरण. आवाज क्षीण होतो, चित्र एखाद्या कोनातूनच दिसते किंवा यंत्र चालू होऊन लगेच मावळते. एक मत असे, की हे केवळ वयोमानाने वाळणे आहे. दुसरे मत याचा संबंध ‘कपॅसिटर प्लेग’शी जोडते, पण ती साथ साधारण १९९९ ते २००७ या काळातील संगणकांच्या मदरबोर्डांची. तिच्यात कपॅसिटरमधील सदोष द्रावणामुळे वायू साठून त्याच्या डबीचे डोके फुगत असे. गेम गिअरमधील डब्या फुगत नाहीत, बुडातून पाझरतात. कालक्रमही जुळत नाही. तिसऱ्या मतानुसार १९८० च्या दशकाअखेर रोध कमी राखण्यासाठी चतुष्क अमोनियम लवणांचे द्रावण वापरात आले. ऋण टोकापाशी ते क्षारीय होऊन रबरी बुच खाते. बोर्डाच्या पृष्ठभागी बसणाऱ्या लहान डब्यांना कारखान्यात मिळालेल्या उष्णतेने बुच आधीच कमजोर झाले असावे, अशी पुस्तीही काही जण जोडतात. उपलब्ध लक्षणांशी तिसरे मत सर्वाधिक जुळते.

पाझर नुसता दिसत नाही, जाणवतोही. आयर्नचे टोक गळक्या डबीच्या पायाला लागताच सडक्या मासळीचा वास सुटतो आणि सोल्डर लवकर वितळत नाही, करड्या गोळ्यासारखे चिकटून राहते. अशा वेळी दाब वाढवू नये. फ्लक्स (सोल्डर नीट वाहते करणारे द्रव्य) लावावे, थोडे ताजे सोल्डर भरावे, मग दोन्ही पाय एकदम तापवून डबी उचलावी. पकडीने पिरगाळून डबी तोडण्याची पद्धतही रूढ आहे आणि तिचे समर्थक पुष्कळ आहेत. परंतु द्रावणाने पोखरलेले पॅड आधीच सुटत आलेले असते, ते डबीबरोबर उपटून येण्याचा धोका नवशिक्याने पत्करू नये. पॅडवरचा क्षार काही जण व्हिनेगरने मारतात. त्यानंतर अल्कोहोलने धुणे आवश्यक. नवा घटक बसवताना एक फरक ध्यानात ठेवावा : अॅल्युमिनियमच्या डबीवरील पट्टा ऋण टोक दाखवतो, टँटलम या दुसऱ्या जातीच्या कपॅसिटरवरील पट्टा धन टोक. हा घोटाळा झालेले टँटलम जळते. गेम गिअरमध्ये मुख्य, ध्वनी व वीजपुरवठा असे तीन बोर्ड असल्याने एकाच बोर्डावर काम थांबवले तर दोष अर्धवट राहतो.

वीजपुरवठ्यात घाई महाग पडते. जपानी फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागते व अॅडॉप्टरचा मधला खिळा ऋण असतो; एनईएसचा अॅडॉप्टर ९ व्होल्ट एसी देतो, तो फॅमिकॉमला लावल्यास यंत्राला इजा होऊ शकते. जपानहून वा अमेरिकेहून आणलेले अॅडॉप्टर अनुक्रमे १०० व १२० व्होल्टचे असतात. भारतातील २३० व्होल्टच्या सॉकेटला ते थेट जोडू नयेत. ज्या यंत्रांच्या पोटातच वीजपुरवठा आहे (प्लेस्टेशन, ड्रीमकास्ट), त्यांचा प्राथमिक (सॉकेटकडील) बाजूचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही विद्युतभार धरून राहू शकतो. तेथे अनुभवी माणूस सोबत असावा.

खेळाची प्रगती साठवणाऱ्या कॅसेटींत नाणे-बॅटरी असते, उदा. द लिजंड ऑफ झेल्डाच्या एनईएस आवृत्तीत सीआर२०३२. ती काढताच साठवण पुसली जाते. निन्टेंडोच्या पुष्कळ कॅसेटींना ३.८ व सुपर निन्टेंडोसारख्या कन्सोलना ४.५ मिमीचे खास पान्हे लागतात.

पिवळ्या पडलेल्या कवचांबाबत ब्रोमिनयुक्त अग्निरोधक हे कारण बहुधा सांगितले जाते. एबीएस प्लॅस्टिकच्या ऑक्सिडीकरणालाही काही अभ्यासक दोष देतात. २००८ पासून रूढ झालेल्या हायड्रोजन पेरॉक्साइड व अतिनील प्रकाशाच्या उपचाराने रंग परततो, तरी तो टिकेलच असे नाही.

मॉडचिपची कायदेशीर बाजू देशोदेशी वेगळी आहे. ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने २००५ मध्ये प्लेस्टेशनच्या एका प्रकरणात निकाल मॉडचिप बसवणाऱ्याच्या बाजूने दिला. भारतात कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने केलेल्या तांत्रिक अडसर-भेदाला लागू होते. साफसफाई किंवा कपॅसिटर बदलणे यांत बसत नाही.

महाराष्ट्रात सुटे घटक, सोल्डर व फ्लक्स मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर व पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबा परिसरात मिळतात. नकली ‘टीव्ही गेम’च्या बोर्डावर बहुतेक सर्व परिपथ काळ्या राळेच्या एका ठिपक्याखाली असतो. तो ठिपका बाद झाला तर यंत्र गेले. त्याच्या भोवतीची बटणे, तारा, सॉकेट व कॅसेटचा स्लॉट मात्र दुरुस्त होतात, आणि बिघाड पुष्कळदा तेथेच असतो.