मेलबर्नची सहल आखताना : आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

ऑस्ट्रेलियाची चौकशी करायला येणाऱ्या बहुतेकांच्या हातात एक यादी असते. सिडनी, मेलबर्न, गोल्ड कोस्ट, केर्न्स, जमलं तर न्यूझीलंडसुद्धा, आणि दिवस नऊ. असा कार्यक्रम आम्ही आखून देऊ शकतो, पण त्यात शहरांपेक्षा विमानतळच जास्त बघून होतात. सिडनी-मेलबर्न विमानाने दीड तास म्हणतात. प्रत्यक्षात एका हॉटेलातून निघून दुसऱ्या हॉटेलात बॅग ठेवेपर्यंत अर्धा दिवस गेलेला असतो. म्हणून आमचं सांगणं असं : मेलबर्न करायचं तर किमान पाच रात्री द्या. तीन दिवस शहराला, दोन शहराबाहेर. तेवढे दिवस नसतील तर यादीतलं दुसरं एखादं गाव गाळा.

मेलबर्नमध्ये सिडनीच्या ऑपेरा हाउससारखी, समोर उभं राहून फोटो काढला की काम झालं, अशी कोणतीही एक इमारत नाही. हे गल्ल्यांतून चालत, बाजारात रेंगाळत, ट्रामच्या खिडकीतून बघायचं शहर आहे. १८३५मध्ये यारा नदीकाठी वसाहत सुरू झाली. त्याआधी हजारो वर्षं ही वुरुंजेरी लोकांची भूमी होती, आणि नदीला त्यांचं नाव बिरारुंग. १८५१मध्ये जवळपासच्या डोंगरांत सोनं सापडलं आणि जगभरचे लोक लोटले. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या इमारती आजही शहराचा चेहरा आहेत. १९०१ ते १९२७ देशाची संसदही इथेच भरत असे. सोन्याच्या काळात चिनी आले, दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीक आणि इटालियन, पुढे व्हिएतनामी. २०२१च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्या मेलबर्नकरांत सर्वांत जास्त संख्या भारतात जन्मलेल्यांची निघाली. त्यामुळे ट्राममध्ये शेजारच्या सीटवरून मराठी कानावर आलं तर दचकू नका. मोठ्याने कुणाविषयी काही बोलूही नका.

कधी जावं?

ऋतू आपल्या उलटे. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, जून ते ऑगस्ट हिवाळा. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे पानगळ सरत आलेली असते. हवा गार, दिवस आखूड, गर्दी कमी. दिवाळीच्या सुट्टीत वसंत ऋतू असतो आणि तो काळ आम्हाला आवडतो, फक्त एक बघा : नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत असते. त्या दिवशी शहराला चक्क सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या आठवड्यात हॉटेलांचे दर चढतात. जानेवारीच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियन ओपन टेनिस आणि मार्चमध्ये फॉर्म्युला वन शर्यत असते, तेव्हाही तीच गत. तारखा मोकळ्या असतील तर मार्चचा शेवट आणि एप्रिल घ्या.

हवेचा भरवसा कोणत्याच महिन्यात धरू नका. ‘एका दिवसात चार ऋतू’ असं तिथले लोकच म्हणतात. उन्हाळ्यात वाळवंटाकडून उत्तरेचा वारा सुटला की पारा चाळिशी गाठतो, मग वारा दक्षिणेकडे फिरतो आणि तासाभरात दहा-पंधरा अंशांनी उतरतो. पाऊस मुंबईच्या मानाने अगदी थोडा, पण भुरभुर केव्हाही येते आणि वाऱ्यात छत्री उलटी होते. छत्रीऐवजी टोपीचं विंडचीटर घ्या. आणि ऊन कोवळं वाटलं तरी सनस्क्रीन लावा. तिथल्या उन्हातली अतिनील किरणं फार कडक आहेत. आपल्यासारख्या सावळ्या कातडीलाही ती सोडत नाहीत.

व्हिसा आणि सामान

पर्यटकांसाठीचा व्हिसा ६०० क्रमांकाच्या वर्गातला. अर्ज ऑनलाइन, उत्तर ईमेलवर, पासपोर्टवर शिक्का किंवा स्टिकर नाही. बँकेची स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरी असल्यास रजेचं पत्र, मुलांकडे जाणार असाल तर त्यांचं निमंत्रण, एवढं नीट लावून दिलं की निम्मं काम होतं. ७५ किंवा त्याहून जास्त वय असेल तर वैद्यकीय तपासणी सांगितली जाऊ शकते, तेव्हा त्यासाठी वेळ हातात ठेवा. व्हिसा येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका, मग ते कितीही स्वस्त मिळत असो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं : खाऊ. विमानातून उतरताना एक जाहीरपत्र भरावं लागतं, त्यात खाण्याच्या वस्तू आहेत का असा प्रश्न असतो. असतील तर ‘हो’ लिहा. पेढे, बर्फी, खव्याचे मोदक यांसारखे दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. ताजी फळं, भाज्या, तुळस, विड्याची पानं, फुलं, कढीपत्ता यांचंही तेच. चिवडा, भाजणी, गोडा मसाला, विकतचं सीलबंद लोणचं आपल्या बॅगांत असतंच. ते वेगळ्या पिशवीत वरच ठेवा आणि लिहून द्या. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल तर अधिकारी ती काढून घेतात, दंड करत नाहीत. लपवलेली सापडली तर मात्र जबर दंड होतो, आणि व्हिसा रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. नातवासाठी आजीने प्रेमाने केलेले खव्याचे पदार्थ कचऱ्याच्या डब्यात जाताना बघवत नाहीत, तेव्हा ते घरीच खाऊन निघा. रोजची औषधं तीन महिन्यांपुरती, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या.

तिथल्या सॉकेटची भोकं तिरकी असतात, त्यासाठी अडॅप्टर लागेल. विजेचा दाब आपल्यासारखाच. नळाचं पाणी बिनधास्त प्या. घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास, पण ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साडेपाच. घरी फोन करताना हे लक्षात ठेवा, म्हणजे इकडच्यांची झोपमोड होणार नाही.

शहरातले तीन दिवस

विमानतळ शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे आणि तिथे रेल्वे नाही. स्कायबस सदर्न क्रॉस स्टेशनला आणून सोडते. चौघं असाल तर टॅक्सी जवळपास तेवढ्यातच पडते. हॉटेल शहराच्या मध्यभागीच घ्या. खोली थोडी लहान मिळेल, पण या भागात ट्राम फुकट आहे. फ्लिंडर्स स्ट्रीट, स्प्रिंग स्ट्रीट, क्वीन व्हिक्टोरिया मार्केट आणि डॉकलँड्स यांच्यामधल्या या चौकटीत चढा, उतरा, कार्ड लावायची गरज नाही. चौकट ओलांडणार असाल तर मात्र चढतानाच मायकी हे तिकिटाचं कार्ड लावा. हद्द संपत असल्याची सूचना ट्राममध्ये देतात, ती कानाआड केली आणि तपासनीस आला तर ‘आम्ही पर्यटक’ हे कारण चालत नाही. ३५ क्रमांकाची सिटी सर्कल ट्राम पहिल्या दिवशी घ्या. ती शहराला वळसा घालते आणि कुठे काय आहे याचा अंदाज येतो.

सुरुवात फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनपासून करावी. १९१०मध्ये पूर्ण झालेली ही पिवळी इमारत, दारावर गाड्यांच्या वेळा दाखवणारी घड्याळांची रांग. ‘घड्याळांखाली भेटू’ असं मेलबर्नकर पिढ्यान् पिढ्या ठरवत आले आहेत. समोर फेडरेशन स्क्वेअर, जवळच होझिअर लेन. या गल्लीच्या भिंतींवरची चित्रं सतत बदलतात, आज दिसलेलं पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. डेग्रेव्हज स्ट्रीटच्या बोळात कॉफी प्या. कॉफी हा इथे जिव्हाळ्याचा विषय आहे. महायुद्धानंतर आलेल्या इटालियन लोकांनी एस्प्रेसोची यंत्रं आणली आणि शहराला चटक लागली. आपल्या फिल्टर कॉफीच्या गोडीची सवय असेल तर साखर मागून घ्या.

रॉयल आर्केड आणि ब्लॉक आर्केड ही एकोणिसाव्या शतकातली छताखालची बाजारपेठ, फरशा बघण्यासाठी तरी आत शिराच. राज्य ग्रंथालय १८५६चं. तिथला अष्टकोनी, प्रचंड घुमटाखालचा वाचनकक्ष १९१३चा. वरच्या सज्जातून तो बघावा. नेड केली या दरोडेखोराचं लोखंडी चिलखतही इथेच ठेवलंय. प्रवेश फुकट. राष्ट्रीय कलादालनाचा कायमचा संग्रह, वनस्पती उद्यान आणि युद्धस्मारकही फुकट, तेव्हा पहिल्या दिवशी उंच इमारतीच्या तिकिटावर पैसे घालवण्याची घाई करू नका. कार्लटन बागेतली रॉयल एक्झिबिशन इमारत १८८०च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधली. ९ मे १९०१ रोजी देशाच्या पहिल्या संसदेचं उद्घाटन तिथे झालं, आणि २००४पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. क्वीन व्हिक्टोरिया मार्केट १८७८चं. भाजी, चीज, कातडी वस्तू, सगळं मिळतं, पण सोमवारी आणि बुधवारी बंद. ही चूक होऊ नये म्हणून आम्ही कार्यक्रमातच वार लिहून देतो.

दुकानं संध्याकाळी पाच-साडेपाचला मिटतात. गुरुवारी-शुक्रवारीच काय ती थोडी उशिरापर्यंत उघडी असतात. ‘आधी फिरू, रात्री खरेदी’ हा आपला शिरस्ता इथे जमत नाही.

क्रिकेटवेड्यांसाठी वेगळी ओळ लिहावी लागत नाही, ते विचारतातच. एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, हे सुमारे लाखभर प्रेक्षक बसतील एवढं मैदान फेडरेशन स्क्वेअरपासून नदीकाठाने पायी गाठता येतं. मार्च १८७७मध्ये पहिला कसोटी सामना इथे झाला, ५ जानेवारी १९७१ रोजी पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीयही इथेच. सचिनने १९९९च्या कसोटीत ११६ धावा इथे केल्या. ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत गुंडाळला गेल्यानंतर डिसेंबर २०२०मध्ये अजिंक्य रहाणेने ११२ धावा करून सामना फिरवला तोही इथेच, आणि सामनावीराला देण्यात येणारं मुल्लाघ पदक पहिल्यांदा त्यालाच मिळालं. सामना किंवा मोठा कार्यक्रम नसेल त्या दिवशी मैदानाची मार्गदर्शित फेरी असते. ती घ्या. २६ डिसेंबरचा कसोटी सामना बघायचा असेल तर आम्हाला काही महिने आधी सांगा, आठवडाभर आधी नको.

पोटोबा

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. लिगन स्ट्रीटवर इटालियन, लिटल बर्क स्ट्रीटवर चायनाटाउन, रिचमंडला व्हिएतनामी, डँडेनाँगला आपल्याकडचं सगळं. पण तिथे ‘व्हेजिटेरियन’ म्हणजे अंडं चालणारा. अंडं नको असेल तर तसं स्पष्ट सांगा. ‘व्हीगन’ मागितलं तर अंडं टळतं, पण दूध-तूपही जातं. थाई आणि व्हिएतनामी पदार्थांत माशांचा सॉस असतो, भाज्यांच्या डिशमध्येसुद्धा, हे विचारून घ्या. आणि जेवायला साडेसातपर्यंत बसा. रात्री नऊला पोचलात तर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. टिप देण्याची सक्ती नाही. उलट रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बिलावर जादा आकार दिसला तर ती फसवणूक नाही, तशी पाटी लावलेली असते.

शहराबाहेर

ग्रेट ओशन रोडबद्दल आमचं मत ठाम आहे. एका दिवसात करू नये. टॉर्की ते ॲलन्सफोर्ड २४३ किलोमीटरचा हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, बहुतांशी पहार आणि फावड्याने खणला. एका दिवसाची बस सकाळी सात-साडेसातला निघून रात्री आणून सोडते. त्यात ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ या समुद्रातल्या खडकांच्या खांबांपाशी भर दुपारी, सगळ्या बसांच्या गर्दीत, थोडा वेळ मिळतो. अपोलो बे किंवा पोर्ट कॅम्पबेलला एक रात्र काढा. त्या चुनखडीच्या खांबांवरचं संध्याकाळचं आणि सकाळचं ऊन बघायला मिळेल. नावात बारा असले तरी ते कधीच बारा नव्हते, आणि जुलै २००५मध्ये त्यांतला एक डोळ्यांदेखत कोसळला. वाटेतल्या लॉर्न गावाच्या पुढे वळणं फार आहेत. मळमळ होणाऱ्यांनी गोळी नाश्त्याबरोबरच घ्यावी, वळण लागल्यावर नव्हे. स्वतः गाडी चालवणार असाल तर बाजू आपल्यासारखी डावीच. फक्त मेलबर्नच्या मध्यभागी काही चौकांत ट्रामला वाट मोकळी राहावी म्हणून उजवीकडे वळायला आधी डाव्या कडेला थांबावं लागतं. पाटी वाचल्याशिवाय तिथे वळू नका. खरं तर शहरात गाडी घेऊच नका, निघायच्या दिवशी घ्या.

फिलिप आयलंड सुमारे १४० किलोमीटरवर. समुद्रातून अंधार पडताना फूटभर उंचीचे पेंग्विन घोळक्याने बाहेर येतात आणि डुलत बिळांकडे जातात. फोटो आणि व्हिडिओला पूर्ण बंदी, मोबाइल खिशातच ठेवायचा. उन्हाळ्यात सूर्यास्त पावणेनऊच्या सुमारास, म्हणजे हॉटेलवर परतायला मध्यरात्र. लहान मुलं बरोबर असतील तर हिवाळ्याची सहल इथे फायद्याची ठरते, कारण तेव्हा साडेपाच-सहालाच पेंग्विन येतात. ऋतू कोणताही असो, समुद्राचा वारा बोचतो. शाल, कानटोपी घ्या. मेलबर्नला कानटोपी घालणाऱ्याकडे कोणी बघून हसत नाही.

मुलांना आणखी एक गोष्ट आवडते : बेलग्रेव्हहून डँडेनाँगच्या डोंगरात जाणारी पफिंग बिली ही वाफेची गाडी, १९००पासूनची. नेरळ-माथेरानच्या गाडीची थोरली बहीण म्हणा. बॅलरॅटचं सॉव्हरिन हिल हे सोन्याच्या काळातलं वसवलेलं गाव सदर्न क्रॉसहून रेल्वेने गाठता येतं, तिथल्या ओढ्यात सापडलेले सोन्याचे कण घरी नेऊ देतात. एवढे कण मिळत नाहीत की सहलीचा खर्च निघावा.

मुलांकडे उतरणार असाल तर

आमच्याकडून जाणाऱ्यांत असे आईवडील बरेच असतात. मुलांची घरं बहुधा टार्नीट, पॉइंट कुक अशा उपनगरांत, शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. मुलं दिवसभर कामावर. मग शनिवार-रविवारची वाट बघत घरात बसू नका. टार्नीटहून रेल्वेने साधारण अर्ध्या तासात सदर्न क्रॉसला येता येतं. मायकी कार्ड पहिल्याच दिवशी मुलांकडून करून घ्या आणि वरचे शहरातले तीन दिवस सुटेसुटे, आठवड्यात एकेक करा. शहराबाहेरच्या सहली मुलांच्या सुट्टीला ठेवा. कॅरम डाउन्सचं शिव-विष्णू मंदिरही लांब आहे, त्यालाही मुलांची गाडीच बरी.

कार्यालयात येताना पासपोर्टच्या झेरॉक्स, गेल्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सगळ्यांची वयं आणि आजारपणं, आणि कोणाला किती चालवतं हे खरं खरं सांगायची तयारी घेऊन या. मेलबर्न सपाट आहे, पण दिवसाला सात-आठ किलोमीटर सहज होतात. गुडघ्यांचा त्रास लपवलात तर कार्यक्रम तरुणांचा आखला जातो. तारखा ठरल्या नसतील तरी चालेल. कॅलेंडर आमच्या टेबलावर आहे.